पाणी? वाय की एन

कंपनीत पहिल्या दिवशी अपेक्षाला जे शिकवलं गेलं ते एवढंच: कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ‘पाणी?’ असा प्रश्न येतो, तिथे एन दाबायचं.

“आणि वाय दाबलं तर?” तिने विचारलं.

टाइम ऑफिसचे काळुरामभाऊ हजेरीची कार्डं लावत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. “महिपती गेल्यापासून कुणी दाबलेलं नाय. तुम्ही शिकलेल्या हायत मॅडम, पण एनच दाबा. गाडी चालू हाय तोवर बॉनेट उघडू नये.”

ही गोष्ट पंचाण्णव सालच्या पावसाळ्यातली. रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत रंग बनवणारी एक कंपनी होती. तीन शिफ्ट, चारशे कामगार. कुणी कधी दिवसपाळीला यायचं आणि कुणी नाइटला, याचा दर पंधरवड्याचा तक्ता एका प्रोग्रॅममधून निघायचा. तो प्रोग्रॅम महिपती नावाच्या एकट्या माणसाने चार वर्षं बसून लिहिला होता. दिवाळीनंतर त्याला मस्कतला नोकरी लागली आणि तो गेला. मागे ना टिपण ठेवलं, ना फोन नंबर. काही महिने काळुरामभाऊंनी एन दाबत दाबत काम रेटलं, आणि जूनमध्ये पेणची अपेक्षा वाकणकर सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर त्याच्या खुर्चीत येऊन बसली.

पर्सोनेल मॅनेजर राजाध्यक्ष साहेब फेब्रुवारीत मुंबईहून आलेले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं इस्त्री केल्यासारखं लागायचं. आल्या आल्या त्यांनी तक्त्यावरची खाडाखोड बंद केली होती. पूर्वी कुणी सांगायला आला की काळुरामभाऊ लाल पेनाने दोन नावांची अदलाबदल करून देत. आता जे छापून येईल ते पक्कं.

जुलैत त्यांनी अपेक्षाला केबिनमध्ये बोलावलं.

“पावसाळा लागल्यापासून नाइटला माणसं गायब होतात,” ते म्हणाले. “रोज नाही. मधेच दोन-तीन रात्री एकदम पंधरा-वीस जण. प्लँट अर्ध्यावर चालवावा लागतो. आणि तुमचा तो प्रोग्रॅम काही लोकांच्या शिफ्ट मधेच उड्या मारून बदलतो, ते का, हे इथे कुणालाच माहीत नाही. मला मुंबईच्या पार्टीचं तयार पॅकेज मिळतंय. ऑपरेटर त्यांचाच.”

ऑपरेटर त्यांचाच म्हणजे काय, ते अपेक्षाला कळलं.

“गणपतीपर्यंत वेळ देतो. हा प्रोग्रॅम काय करतो ते मला सांगता आलं तर तो राहील आणि तुम्हीही राहाल.”

पेणच्या क्लासमध्ये अपेक्षाने जे प्रोग्रॅम लिहिले होते ते एका पानात मावायचे. महिपतीचा प्रोग्रॅम छापून काढला तेव्हा सलग कागदाची घडी पोळपाटाएवढी उंच झाली. ती रोज पहिल्या ओळीपासून वाचायला बसे. चाळिसाव्या पानाला पोचेपर्यंत पहिलं पान डोक्यातून गेलेलं असे. नावं तरी धड असावीत, तर तीही नाहीत. एम एक, एम दोन, एम सतरा. कुठे एक ओळ समजुतीची लिहिलेली नाही. पेण-रोहा एसटीत ती ती घडी मांडीवर घेऊन वाचत बसायची. कंडक्टर तिकीट देताना म्हणायचा, “कुणाची एवढी लांब पत्रिका वो ताई? लगीन जमतंय का बघा एकदाचं.”

घरी तर पाय ठेवायला जागा नव्हती. तिचे वडील कमळाकर मूर्तिकार. आषाढात पेणच्या कुठल्याही कारखान्यात असतं तेच त्यांच्याकडे. ओट्यावर, पडवीत, जिन्याखाली गणपतीच गणपती, आणि हवेत चुन्याचा वास. अपेक्षा दोन मूर्तींच्या मधे पाट टाकून कागद पसरायची.

“रोज वाचतेस, रोज कपाळाला आठ्या,” कमळाकर एकदा म्हणाले. “आज कुठवर आलीस?”

“तिथेच. पहिल्या पानावर.”

“वाचून कसं होईल?” त्यांच्या हातात रबराचा साचा होता. तो त्यांनी तिच्यासमोर उलटा धरला. “नवीन माणूस येतो ना कामाला, तो पहिले आठ दिवस साच्यात डोकं घालून बघत बसतो. आत काय दिसणार? नाकाच्या जागी खड्डा, पोटाच्या जागी विहीर. सगळं उलटं. मी त्याला सांगतो, बाबा, बघू नको. ओत. लहानातला लहान साचा घे, एकच मूर्ती ओत आणि काढून समोर ठेव. सांधा कुठे आला, कुठे जास्तीचं निघालं, मूर्तीच सांगेल.”

“दादा, हा साचा नाय. प्रोग्रॅम हाय.”

“मग तुला माहीत,” असं म्हणून ते पुन्हा कामाला लागले.

पण दुसऱ्या दिवशी वडखळच्या नाक्यावर एसटी थांबली असताना अपेक्षाने कागदाची घडी पिशवीत ठेवली ती परत काढली नाही. ऑफिसात गेल्यावर तिने सगळ्या प्रोग्रॅमची वेगळी प्रत केली आणि प्रतीतले चारशे कामगार पुसून टाकले. एकच ठेवला. कोलाडकडच्या डोंगरगावातला एक शेतकरी, जो कंपनीत पॅकिंगला होता. त्याचा एकट्याचा तक्ता काढला. प्रिंटरने दोन ओळी करकरून थांबावं इतकं ते काम. एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार, एक आठवडा नाइट. सरळसोट.

मग तिने त्याला पुसून दुसरा ओतला. हा खाडीकाठच्या गावचा फिटर. सकाळ, दुपार, नाइट, आणि नाइटच्या मधेच तीन रात्री गायब. त्या तीन दिवशी दिवसपाळी, आणि राहिलेल्या तीन नाइट पुढे कुठेतरी चिकटवलेल्या.

तिला आपल्या खुर्चीतून उठावंसं वाटलं. सांधा दिसला होता.

आता चाळीस पानं वाचायचं कारण उरलं नव्हतं. फिटरला नाइटवरून उचलणारी ओळ तेवढी शोधायची होती, आणि ती दुपारच्या चहाच्या आत सापडली. महिपतीने कामगारांच्या फाइलीत एका खान्यात काही नावांपुढे खूण केली होती. खूण असलेल्या माणसाला दर पंधरा दिवसांनी तीन रात्री नाइट द्यायची नाही, पण त्या रात्री त्याच्याकडून नंतर भरून घ्यायच्या. पंधरा दिवस कुठून मोजायचे ती तारीख एका जागी साठवलेली होती. आणि ती तारीख बदलणारी सबंध प्रोग्रॅममध्ये एकच गोष्ट होती. सुरुवातीच्या ‘पाणी?’ला वाय दाबलं, की तिथे आजची तारीख बसायची.

खूण असलेल्या एकोणतीस जणांचे पत्ते तिने काळुरामभाऊंना विचारले. ते एकेक नाव ऐकत गेले आणि एकेक बोट दुमडत गेले. “हा खाडीचा. हा खाडीचा. ह्यो पण. मॅडम, हे सगळे खाडीकाठचे. आमचा महिपती तिकडचाच.”

दरवाज्यात राजाध्यक्ष साहेब कधी येऊन उभे राहिले ते दोघांनाही कळलं नाही.

“म्हणजे भाऊबंदांची सोय,” ते म्हणाले. “छान. आणि महिपती गेल्यावर पाव्हण्यांनी हवं तेव्हा दांड्या मारायच्या. परवा अमावास्येला किती आले नाहीत माहीत आहे? सतरा. गटारी साजरी केली असणार.”

“पाव्हणे म्हणून नसेल, साहेब,” अपेक्षा म्हणाली.

“तुम्ही कुठल्या?”

“पेणची. आईचं माहेर खाडीवर हाय.” ते तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं, आणि निघाल्यावर जीभ चावावी असं तिला झालं.

“असं होय,” साहेब म्हणाले आणि गेले.

काळुरामभाऊंनी कार्डं बाजूला सरकवली. मग म्हणाले, “आईच्या माहेराचं सांगायची काय गरज होती गो? चहा घ्या.”

त्या संध्याकाळी परतीच्या एसटीत अपेक्षाला खिडकी मिळाली. मन असं झालं होतं की डोळे उघडे असून काही दिसू नये. पण वडखळच्या अलीकडे खाडीचा फाटा रस्त्याला भिडतो तिथे तिने पाहिलं, तो फाटा रिकामा होता. होड्या चिखलात कलंडलेल्या, पाणी कुठे लांब गेलेलं. आणि तिला मामा आठवला.

विठूमामा. ती सात-आठ वर्षांची असेल. गौरीला आईबरोबर त्याच्याकडे गेली होती. अशीच रिकामी खाडी दाखवून तो म्हणाला होता, “आता गेलंय ना, तेवढंच रात्री चढून येईल.” मग जेवणं लवकर उरकली आणि मामाने फावडं आणि कंदील घेतला. गावातले सगळे बाप्ये बांधावर निघाले होते. खाडीकाठच्या शेतांत समुद्र शिरू न देणारा तो मातीचा बांध. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी मध्यरात्री त्याच्या माथ्याशी येतं. कुठे खेकड्याने भोक पाडलेलं असलं तर तिथून बांध फुटतो, खारं पाणी भातात शिरतं आणि ते शेत पुढची दोन-तीन वर्षं पिकत नाही. म्हणून घरटी एक माणूस बांधावर पाहिजेच. आजारपण, लग्न, काही चालत नाही. दिवसाच्या भरतीला बायामाणसं लक्ष ठेवतात, रात्रीचं पाणी मात्र पुरुषांचं.

‘पाणी?’

खिडकीला टेकलेली अपेक्षा ताठ बसली. महिपती रोज सकाळी घरून निघताना खाडी बघत असणार. ऑफिसात येऊन कॉम्प्युटरला सांगत असणार, आज उधाण आहे, इथून मोज. तो गेला आणि नऊ महिने सगळे एन दाबत होते. मुकाटपणे तो प्रोग्रॅम पंधरा, पंधरा मोजत चालला होता.

पण मग चुकत कुठे होतं? पंधरा दिवसांनी उधाण, पंधरा दिवसांनी सुट्टी. तरी माणसं अमावास्येला नाइटवर कशी लागली?

घरी येऊन तिने कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि दिवाळीपासून एकेक पंधरवडा प्रोग्रॅमसारखा मोजायला लागली. कमळाकर सोंडेवरचा सांधा घासत होते. त्यांनी मान वर केली.

“काय मोजतेस?”

“पौर्णिमा. पंधरा-पंधरा धरून.”

“पंधरा धरून?” त्यांना हसू आलं. “मूर्तिकाराची पोर तू? असं मोजलं तर आपले गणपती चतुर्थी होऊन गेल्यावर तयार होतील. तिथीचा क्षय असतो गो. पंधरवडा कधी पंधराचा, कधी चौदाचा. आपण तर कॅलेंडर बघितल्याशिवाय कुणाला तारीख देत नाय.”

तिचं बोट तोवर जुलैवर आलं होतं. पंधराच्या हिशेबाने उधाण होतं सोमवारी. कॅलेंडरवर अमावास्या होती आदल्या गुरुवारी. चार दिवसांची तूट. दर पंधरवड्याला थोडी थोडी घसरत नऊ महिन्यांत चार दिवस. बांधाला माणूस हवा त्या रात्री प्रोग्रॅम त्याला नाइटला बोलवत होता, आणि पाणी ओसरल्यावर दिवसपाळी देत होता. उन्हाळ्याआधी काळुरामभाऊंचं लाल पेन ते झाकत होतं, उन्हाळ्यात शेतात भात नव्हतं. आता ते पेनही बंद होतं.

“दादा,” ती म्हणाली, “मूर्ती निघाली.”

“तोंड तरी धू. नाकाला पांढरं लागलंय,” कमळाकर म्हणाले.

आठवडाभराने ती केबिनमध्ये गेली तेव्हा तिच्या हातात दोन कागद होते. ते तिने साहेबांच्या टेबलावर ठेवले.

“साहेब, हा पहिला. अख्ख्या वर्षाचा तक्ता काढलाय. खुणेचे एकोणतीस आणि बाकीचे, सगळ्यांच्या नाइट मोजून बघा. सारख्या हायत. कुणाला एक रात्र कमी नाय.”

राजाध्यक्ष साहेबांनी चष्मा लावला. चार-पाच नावांवर बोट फिरवून बघितलं.

“आणि हा?”

“येत्या गुरुवारी पौर्णिमा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, या तीन रात्री आता जो तक्ता लागलाय त्याप्रमाणे नाइटला कोण येणार नाय, त्यांची नावं. अकरा हायत.”

“गुरुवारी नारळी पौर्णिमा. सण आहे, कोणीही सांगेल.”

“शनिवारी कुठला सण हाय, साहेब? आणि नाइटचे बाकीचे सगळे का येतील?” मग तिने बांधाचं सांगितलं. विठूमामाचं, खारं पाणी शिरलेल्या भाताचं, मध्यरात्रीच्या भरतीचं. “त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल, पाळी होती म्हणून. ती बांधावर राखणीची पाळी.”

“सांगितलं होतं,” साहेब चष्मा काढत म्हणाले. “मला वाटलं, कंपनीच्या पाळीबद्दल काहीतरी सबबी सांगतायत.” त्यांनी दुसरा कागद घडी करून खणात टाकला. “सोमवारी बघू.”

सोमवारी सकाळी अपेक्षा पोचली तेव्हा काळुरामभाऊ तीन रात्रींची कार्डं टेबलावर पत्त्यांसारखी मांडून बसले होते आणि साहेब खुर्ची सोडून त्यांच्याशेजारी उभे होते, हातात तो कागद. काळुरामभाऊ नाव वाचत, साहेब कागदावर खूण करत. अकराव्या नावावर खूण झाल्यावर साहेबांनी कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं.

“बारावा कुणी?”

“बारावा नाय,” काळुरामभाऊ म्हणाले. त्यांची छाती अशी फुगली होती की कागद त्यांनीच लिहिला असं वाटावं. “आणि कमी पण नाय. मी सांगतच होतो साहेब, पोरगी हुशार हाय.”

“तुम्ही तर मला सांगत होता, बॉनेट उघडू नये,” अपेक्षा म्हणाली.

साहेब हसले. ते हसताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. “दुरुस्त करायला किती वेळ?”

“झालंय, साहेब. तुम्ही हो म्हणायची वाट बघत होते.”

पंधरा-पंधराची ती ओळ तिने काढून टाकली होती. एका पक्क्या अमावास्येपासून साडेएकोणतीस दिवसांना जरासा वरचा अंश धरून प्रोग्रॅम आता चंद्र स्वतःच मोजत होता. दिवाळीपासूनची सगळी उधाणं तिने त्याच्याकडून काढून घेतली आणि कॅलेंडरशी ताडून बघितली होती. एकही दिवस हलला नव्हता. एवढंच नव्हे, आता त्या पोळपाटाएवढ्या घडीत कुठे काय आहे ते ती न बघता सांगू शकत होती. एम सतरा म्हणजे कोण, विचारा.

पुढची अमावास्या श्रावणातली, गणपतीच्या तोंडावरची. त्या पंधरवड्याचा तक्ता प्रिंटरमधून निघत होता तेव्हा टाइम ऑफिसच्या खिडकीशी खाडीकाठचे पाच-सहा जण उगाचच उभे होते. काळुरामभाऊंनी कुणाला काही सांगितलं नसेल असं म्हणणं धाडसाचं ठरेल. तक्ता लागला. त्यातल्या एका फिटरने आपलं नाव शोधलं, तीन रात्री बोटाने मोजल्या आणि सोबत्याला म्हणाला, “महिपती परत आला काय रे?”

“महिपती नाय,” काळुरामभाऊ आतून ओरडले. “पेणची बाय हाय. कमळाकर मूर्तिकाराची.”

त्या तीन उधाणांच्या रात्री कंपनीत एकही माणूस कमी पडला नाही. प्लँट पूर्ण चालला, आणि तिकडे बांधही राहिला. मुंबईच्या पार्टीचा माणूस रंगीत माहितीपत्रकं घेऊन आला होता, त्याला साहेबांनी चहा पाजला आणि एकच विचारलं, तुमचं पॅकेज भरती-ओहोटी जाणतं का? तो म्हणाला, विचारून सांगतो. अपेक्षाच्या प्रोबेशनचे तीन-चार महिने बाकी होते. पण गणपतीच्या आदल्या दिवशी तिच्या हातात कायम केल्याचं पत्र पडलं, तेही इस्त्री केल्यासारखं, एकही घडी नसलेलं.

ते पत्र कमळाकरांनी मूर्तींच्या गर्दीत उभ्याने वाचलं, हाताचा रंग लागू नये म्हणून दोन कोपऱ्यांत धरून. मग म्हणाले, “सांधा दिसत नाय कुठे.” त्यांच्या तोंडून एवढं कौतुक त्या कारखान्यात आजवर फार कमी जणांना मिळालं होतं.

सुरुवातीचा प्रश्न मात्र तिने काढला नाही. प्रोग्रॅमला आता त्याची गरज नव्हती. चुकला तर सावरायला हाताशी असावा म्हणून ठेवला, असं ती साहेबांना म्हणाली. फक्त एकट्या ‘पाणी?’च्या जागी तिने पूर्ण वाक्य घातलं, की खाडीला आज उधाण आहे का, असेल तर वाय. खाली एक ओळ समजुतीची, आणि त्याखाली महिपतीचं नाव. तिच्यानंतर जो कुणी या खुर्चीत येईल त्याला चाळीस पानं वाचावी लागू नयेत.

गणपतीनंतरच्या पौर्णिमेला ती सकाळच्या एसटीने निघाली. वडखळ सोडल्यावर खाडीचा फाटा आला. पाणी तळाला गेलेलं, होड्या चिखलात कलंडलेल्या, बगळे मधोमध चालत होते. कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला, “आज पत्रिका नाय वो ताई?”

“जमलं,” अपेक्षा म्हणाली.

ऑफिसात येऊन तिने कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर प्रश्न आला. कॅलेंडर मागच्या भिंतीवरच होतं, पण तिने मागे वळून पाहिलं नाही. वाय दाबलं.